एक वेबर म्हणजे किती?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी मला मॅग्नेटिक फ्लक्सचं एकक विचारलं. मी म्हणाले, वेबर. त्यांनी व्याख्या विचारली. तीही पाठ होती. तारेच्या एका वेढ्यातून जाणारा फ्लक्स एका सेकंदात, एकसारख्या वेगाने शून्यावर आणला आणि त्या वेढ्यात एक व्होल्ट तयार झाला, तर तो फ्लक्स एक वेबर. सरांनी मान हलवली, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "ते झालं. पण एक वेबर म्हणजे किती?"

मी पुन्हा व्याख्या सुरू केली. त्यांनी हात वर केला. "व्याख्या नको. किलो म्हटलं की हाताला वजन आठवतं. लिटर म्हटलं की बाटली दिसते. वेबर म्हटलं की तुला काय दिसतं?"

मला काहीच दिसलं नाही. बाहेर येऊन मैत्रिणींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, असलं कोण विचारतं. मार्क बरे मिळाले आणि मी तो प्रश्न विसरून गेले. त्याचं उत्तर मिळालं ते आठ वर्षांनी, बाबांच्या दुकानात, जळक्या वार्निशच्या वासासकट.

बाबांचं मोटर वायंडिंगचं दुकान आमच्या नागपुरात गोळीबार चौकापासून चालत पाच मिनिटांवर आहे. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला रस्त्यावर उभं राहावं लागतं, एवढं ते मोठं. भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, खाली जळून काळ्या पडलेल्या मोटरी, कोपऱ्यात वार्निशचा डबा, देवाच्या फोटोशेजारी टेस्टिंगचा सिरीज बल्ब. होळी झाली की घरोघरी कूलर पुसून काढतात, वाळा बदलतात, टाकीत पाणी भरतात आणि बटण दाबतात. आठ महिने धूळ खात पडलेल्या मोटरींपैकी काही फक्त 'घूं' करून थांबतात. त्या आमच्याकडे येतात. मार्च ते मे ही आमची दिवाळी. पारा ४५ च्या वर गेला की लोक मोटर अशी छातीशी धरून आणतात, जसं काही तापलेलं लेकरू दवाखान्यात आणलंय.

गेल्या वर्षी ऐन हंगामात बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं लागलं. दोन वर्षं ते टाळत होते. पण मग चोवीस गेजची तार समजून त्यांनी सव्वीसची भरली, आणि ते त्यांना स्वतःला नाही, दुकानातल्या पोराला दिसलं. त्या रात्री ते आईला म्हणाले, "आता करून टाकू." डॉक्टरांनी वाकायचं नाही, धूळ नाही, वजन नाही असं सांगितलं. मी पुण्याला एका ट्रान्सफॉर्मरच्या कंपनीत डिझाइन विभागात काम करते. तीन आठवड्यांची रजा टाकून आले.

हे 'डिझाइन' म्हणजे काय तेही सांगते. मी सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरते. सॉफ्टवेअर मला आकडे देतं. चार वर्षांत मी हाताने एकही कॉइल गुंडाळली नव्हती.

तशी मी दुकानातच वाढले. लहानपणी माझा आवडता खेळ ग्राउलरचा होता. ग्राउलर म्हणजे वरून व्ही आकाराचा, लोखंडी पत्र्यांचा, आत कॉइल असलेला एक ठोकळा. मिक्सरचं किंवा ड्रिल मशीनचं आर्मेचर त्यावर ठेवायचं, ग्राउलर चालू करायचा आणि हॅकसॉचं पातं आर्मेचरवरून हळूहळू फिरवायचं. जिथे आतली तार एकमेकीला चिकटून शॉर्ट झाली असेल, त्या खाचेवर आलं की पातं थरथरायला लागायचं. काही जोडलेलं नाही, काही शिवत नाही, तरी पातं नाचतंय. बाबा मला विचारायचे, "कुठी नाचलं?" आणि मी खडूने खूण करायचे. त्या पात्याला जे नाचवायचं ते फ्लक्स होतं, हे मला अकरावीत समजलं. समजलं म्हणजे, त्याला फ्लक्स म्हणतात हे समजलं.

तर मार्चमध्ये काळा चष्मा लावून बाबा स्टुलावर बसायचे आणि मी त्यांचे डोळे व्हायचे. कूलरच्या मोटरी दुकानातला पोरगा बघायचा. दुसऱ्या दिवशी जवळच्या एका बॅटरीवाल्याने चार्जरचा जळलेला ट्रान्सफॉर्मर आणून टाकला. संध्याकाळी बॅटऱ्या लावायच्या, सकाळी काढायच्या, असा रात्रभर चालणारा चार्जर. बाबा म्हणाले, "हे तू घे. तुह्या लाइनीचं काम आहे."

मी पत्ते उचकटून काढले. पत्ते म्हणजे इंग्रजी ई आणि आय आकाराचे लोखंडाचे पातळ पत्रे, एकावर एक रचून त्यांचा गाभा बनतो. मधली दांडी मोजली. दीड इंच रुंद, थर दोन इंच. तीन चौरस इंच.

"सात भागिले तीन," बाबा म्हणाले. "एका व्होल्टले सव्वादोनच्या वर वेढे. दोनशे तीस व्होल्टचे पाचशे चाळीस घे."

"बाबा, हा सात कुठून आला?"

"उस्तादनं सांगितला."

मी हसले. वाईट हसले नाही, पण हसले. आमच्या कंपनीत गाभ्याच्या पत्र्यात दीड टेस्लाच्या पुढे फ्लक्सची दाटी धरतात. उस्तादांच्या सातात ती किती बसते हे मी तेव्हा मोजलंही नाही. फक्त मनात म्हणाले की जुने लोक घाबरून जास्त तार घालतात. दीड टेस्ला धरून मोबाइलवर हिशोब केला: ३६० वेढे. १८० वेढ्यांची बचत. तांब्याचा भाव काय झालाय ते बाबाच रोज ऐकवत होते. संध्याकाळी त्यांना बचत दाखवून चकित करायचं ठरवलं.

हँडल फिरवायला लागले. बाबांच्या डोळ्यात थेंब घातलेले, मान मागे टाकून बसले होते. मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "इतक्या लवकर झालं?"

"हात जलद चालतो माझा."

हे खोटं मी अजून विसरलेले नाही. सेकंडरीची जाड तारही त्याच हिशोबात भरली, पत्ते परत ठोकले, वार्निश मारलं, सुकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जोडून पंधरा मिनिटं चालवला. किंचित कोमट. मी खूश. बॅटरीवाला संध्याकाळी घेऊन गेला.

सकाळी आम्ही शटर उघडायच्या आधीच तो पायरीवर बसलेला. पिशवीतून ट्रान्सफॉर्मर काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, रात्री दहानंतर भुंगे शिरल्यासारखा आवाज करायला लागला, मग वास यायला लागला, मग मीच उठून बंद केला. नशीब, जागा होतो.

बाबांनी तळहात ठेवला. मग वाकायचं नाही हे विसरून नाक लावलं. चष्म्यामागून मला डोळे दिसत नव्हते. "किती टाकले?"

"तीनशे साठ."

त्या माणसासमोर ते मला काहीच बोलले नाहीत. त्याला म्हणाले, "भाऊ, चूक आमची आहे. उद्या देतो. पैसे नाही घेत." तो गेला. मग पोराला चहा आणायला पाठवलं. मग म्हणाले, "बाई, तू दुपारी पाहून राहिली होती. दुपारी लाइन दोनशे दहा असते. सारे कूलर चालू असतात ना. रात्री दहानंतर कारखाने, दुकानं बंद झाली का लाइन चढते. अडीचशे." थोडं थांबून म्हणाले, "आन् हा पत्रा पाह्य. तीन जागचा पत्रा आहे. तुह्या कंपनीतला नाही."

रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री झोप आली नाही. गच्चीवर चटई टाकून मोबाइलवर हिशोब करत बसले. आधी इथे कुठे चुकलं ते शोधत होते, मग भलतीकडेच गेले.

वेबरच्या व्याख्येत एक गोष्ट लपलेली असते जी मला कॉलेजात कोणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली तेव्हा मी लिहून घेत होते. व्होल्ट गुणिले सेकंद म्हणजे वेबर. बस. चुंबकाचं नाव न घेताही तो मोजता येतो. आता घरातला प्लग घ्या. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास फेरे मारते, म्हणजे अर्धा फेरा दहा मिलिसेकंदांचा. २३० व्होल्टच्या त्या अर्ध्या फेऱ्यातला सरासरी दाब २०७ व्होल्ट. २०७ गुणिले एक शतांश सेकंद. दोन व्होल्ट-सेकंद आणि वर थोडं. म्हणजे तुमच्या पलंगाशेजारचा, मोबाइल चार्जिंगचा तो प्लग दर दहा मिलिसेकंदांना दोन वेबरची उचल मागत असतो.

हे ओझं वेढ्यांनी वाटून घ्यायचं असतं. ५४० वेढे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला फ्लक्सचा ३.८ मिलिवेबरचा हेलकावा येतो: एका दिशेला १.९ आणि उलट दिशेला १.९. मी ३६० च वेढे ठेवले, तर तेच ओझं कमी खांद्यांवर आलं आणि प्रत्येकाला २.९ मिलिवेबर उचलावे लागले. रात्री अडीचशे व्होल्ट झाल्यावर ३.१. आणि हे सगळं जातं कुठून, तर त्या तीन चौरस इंच लोखंडातून. लोखंडाची एक मर्यादा असते. तिथपर्यंत ते हसत फ्लक्स घेतं, थोडासा करंट पुरतो. मर्यादा आली की लोखंड तुडुंब होतं, आणि मग तेवढ्याच जास्तीच्या फ्लक्ससाठी कॉइल भरमसाट करंट ओढायला लागते. तो करंट काही काम करत नाही, नुसता तार तापवतो. चांगल्या, नव्या, एकसारख्या पत्र्याने माझे ३६० वेढे सांभाळले असते. तीन जागांहून भंगारातून जमवलेल्या, गंजलेल्या, ठोकून पोचे पडलेल्या पत्र्याने दुपारभर सांभाळले आणि रात्री हात टेकले.

मग मी सातकडे वळले. आता मला तो आकडा उलट बाजूने काढता येत होता. पन्नास हर्ट्झ. एक चौरस इंच, म्हणजे ६.४५ चौरस सेंटिमीटर. फ्लक्सची दाटी एक टेस्ला, म्हणजे दर चौरस मीटरला एक वेबर. एका व्होल्टला किती वेढे? उत्तर आलं ६.९८.

मी दोनदा करून पाहिलं. मग उठून पाणी प्यायले आणि तिसऱ्यांदा केलं.

उस्ताद सात वर्गांच्या पुढे शिकले नव्हते असं बाबा सांगतात. ते एम्प्रेस मिलच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या खात्यात होते आणि संध्याकाळी मोमिनपुऱ्यात घरी पोरांना काम शिकवायचे. त्यांना वेबर माहीत नव्हता, टेस्ला माहीत नव्हता. तरी त्यांच्या सातात बरोबर एक टेस्ला बसलेला होता, पन्नास हर्ट्झ बसलेले होते, आणि इंचपट्टीही. हेच उस्ताद अमेरिकेत असते, तर तिथली वीज साठ फेऱ्यांची, त्यांचा आकडा सहाच्या जरा खाली आला असता. सात हा आपल्याकडच्या विजेचा, आपल्याकडच्या साध्या पत्र्याचा आकडा आहे.

एकदा हात मोकळा झाल्यावर मी त्या सरांच्या प्रश्नाकडे वळले. एक वेबर म्हणजे किती? बाबांच्या हिशोबाने केलेल्या, त्या चार्जरसारख्या पाचशेवीस ट्रान्सफॉर्मरांचा मिळून एक. म्हणजे आमच्या दुकानासाठी वेबर ही फार मोठी गोष्ट आहे, आमचं सगळं मिलिवेबरमध्ये. पण कोराडीला जा. तिथली ६६० मेगावॉटची जनित्रं घ्या. एवढ्या मोठ्या जनित्रात एकेका ध्रुवातून काही पूर्ण वेबर जातात. तिथे वेबर घरच्यासारखा वापरता येतो. आणि उलट टोकाला पृथ्वी. नागपुरात पृथ्वीच्या चुंबकत्वाची दाटी सुमारे ४५ मायक्रोटेस्ला आहे. एवढ्या विरळ क्षेत्रातून एक वेबर गोळा करायचा, तर त्याच्या बरोबर काटकोनात साडेपाच एकरांची चौकट धरावी लागेल. क्रिकेटचं मैदान आणि वर थोडं. साडेपाच एकर शेत असलेल्या आमच्या मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग त्याचं अनुदान भेटते का.

सर, मला आता दिसतं. एवढंच म्हणायचं होतं, पण त्यांचं नावही आठवत नाही.

रात्रीचे दोन वाजलेले. झोप उडालेलीच होती, म्हणून या वेबरच्या मागे लागले. विल्हेल्म वेबर, जर्मनीतल्या ग्योटिंगन विद्यापीठात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. गणितज्ञ गाऊसचा मित्र. १८३३ मध्ये या दोघांनी वेधशाळेपासून प्रयोगशाळेपर्यंत गावातल्या घरांच्या छपरांवरून तारा ओढल्या आणि चुंबकाची सुई हलवून एकमेकांना निरोप पाठवले. तारयंत्राच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांतला हा एक. मग त्यांनी पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्यांचा एक संघ उभारला. वेगवेगळ्या देशांतल्या वेधशाळांत ठरलेल्या दिवशी, ग्योटिंगनच्या घड्याळाप्रमाणे, सगळ्यांनी एकाच क्षणी आपापली सुई वाचायची. याची लाट आपल्यापर्यंतही आली. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या करंटने सुया बिघडतील म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय काम १९०४ मध्ये समुद्रापलीकडे अलिबागला नेलं. ती वेधशाळा अजून चालते. तिचा कारभार बघणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं एक केंद्र नागपुरातही आहे. मी शहरात वाढले, इलेक्ट्रिकल शिकले, आणि मला हे रात्री दोन वाजता फोनवर समजलं.

वेबरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र चुंबकाची नाही. १८३७ मध्ये हॅनोव्हरच्या नव्या राजाने राज्यघटना रद्द केली. ग्योटिंगनच्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. आम्ही त्या घटनेची शपथ घेतली आहे, ती मोडणार नाही. परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू त्यांत होते, आणि वेबरही. साताही जणांना नोकरीवरून काढलं. तेहतीस वर्षांचा वेबर बरीच वर्षं कायमच्या नोकरीशिवाय राहिला, गाऊससोबत मोजमापाचं काम करत राहिला, १८४३ मध्ये लाइपझिगला लागला आणि १८४९ मध्ये ग्योटिंगनला परत आला. पुढे त्याने आणि कोलराउशने विजेच्या दोन प्रकारच्या एककांचं गुणोत्तर मोजलं आणि तो आकडा प्रकाशाच्या वेगाच्या जवळ निघाला. मॅक्सवेलने त्यावरून प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लहर असल्याचं ओळखलं. वेबरला स्वतःला ते सुचलं नाही. मोजणं बरोबर, अर्थ दुसऱ्याने लावला. एकाच वेळी सगळं कुठे येतं.

त्याच्या नावाचंही असंच लटकत राहिलं. काही वर्षं लोक करंटच्या एककाला वेबर म्हणत होते. १८८१ च्या पॅरिसच्या परिषदेत ते नाव काढून अँपिअर ठेवलं. १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने फ्लक्सच्या एककाला त्याचं नाव दिलं, तोवर तो जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली होती.

आणि मग एका ओळीत दिसलं की जर्मन भाषेत 'वेबर' म्हणजे विणकर. आडनाव आहे, आपल्याकडे सुतार, लोहार असतं तसं. म्हणजे आमच्या भाषेत कोष्टी.

आम्ही कोष्टीच. आबाजी तांडापेठेत हातमागावर लुगडी विणायचे. आजी दारात बसून चरख्यावर कांड्या भरायची, त्या धोट्यात जायच्या. मागावर घर चालेना तेव्हा आबाजी एम्प्रेस मिलमध्ये लागले. जमशेटजी टाटांनी १८७७ च्या १ जानेवारीला सुरू केलेली ती मिल. नागपुरात कितीतरी घरांत तिच्या भोंग्यावर स्वयंपाक व्हायचा. तिथेच आबाजींची उस्तादांशी ओळख झाली आणि त्यांनी सोळा वर्षांच्या बाबांना त्यांच्याकडे नेऊन बसवलं. मागाचं आता काही खरं नाही, पोराला तांब्याचा धागा शिकवा, असं ते म्हणाले होते म्हणे. मिल २००२ मध्ये बंद पडली. आबाजींचा माग मी पाहिलेला नाही. त्याची लाकडं चुलीत गेली. एक धोटा उरलाय, आईने तो देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय.

प्रामाणिकपणे सांगायचं तर विल्हेल्म वेबरचे वडील धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते. विणत असेल तो कोणी फार मागचा आजा. तरी मला बरं वाटलं.

सकाळी चहाच्या वेळी बाबांना सगळं सांगितलं. आधी सात. कागदावर मोठ्या अक्षरात मांडून दाखवलं, त्यांच्या एका डोळ्याने दिसेल असं. दोन वेबरचं ओझं, वेढ्यांत वाटणी, एक टेस्ला, ६.९८. ते नीट ऐकत होते. मध्येच म्हणाले, "म्हणजे वेढा कमी तर पत्र्यावर जोर."

"हो."

"हे तर मले माहीतच आहे."

"पण सात का, ते आता समजलं ना."

"उस्तादले सांगायले पाहिजे होतं." उस्ताद जाऊन बारा वर्षं झाली. बाबांनी कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. "पण सात हा चांगल्या पत्र्याचा आहे, बाई. मी आंधळ्यासारखा बसलो होतो, पत्रा हातात नाही घेतला. या पत्र्याले आठ पाहिजे." त्यांनी एक पत्ता मागितला आणि टोकाशी वाकवला. तो वाकला आणि तसाच राहिला. मग खोक्यातून दुसरा काढायला लावला, तो वाकवताच टचकन तुटला. "तुटला तो चांगला. हा मऊ वाकते, हा टिनासारखाच."

मी मनात हिशोब केला. आठ म्हणजे दाटी ०.८७ टेस्ला. चांगल्या पत्र्यात सिलिकॉन जास्त असतं, म्हणून तो ठिसूळ. हेही सांगितलं. वेबर म्हणजे कोष्टी, हेही. तेव्हा मात्र ते मोठ्याने हसले, आणि आईला आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐकलं का वो, जर्मनीत आपला माणूस निघाला."

दिवसभर मी त्या ट्रान्सफॉर्मरला आठच्या हिशोबाने बसले. सहाशे चौदा वेढे. एवढी तार खिडकीत बसवायला बारीक गेज घ्यावा लागतो, आणि गेज फार बारीक केला तर ती तापते, म्हणून प्रत्येक थर दाबून, कागद नीट लावून भरावा लागतो. माझे पहिले दोन थर ढिले आले. बाबांनी बोट फिरवून सांगितलं, उकल. उकलले. तिसऱ्या वेळी तीनशेच्या पुढे कोणीतरी कूलरच्या पंपाचा भाव विचारायला आलं आणि मी मोजणी विसरले. मशीनचा काउंटर दोन वर्षं बंद आहे, हे मला तेव्हा समजलं. बाबा मनातच मोजतात. स्टुलावरून म्हणाले, "तीनशे सव्वीस झाले. चालू दे."

रात्री साडेदहाला, लाइन चढल्यावर, आम्ही तो जोडला. मीटरवर दोनशे अठ्ठेचाळीस. बाबांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक गाभ्यावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मग मला लावायला दिली. आत बारीक, एकसुरी गुणगुण होती. तासाभराने हात ठेवला तर माणसाच्या अंगाएवढा गरम. शटर ओढून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बॅटरीवाला तो घेऊन गेल्यावर बाबांनी डायरी काढायला सांगितली. निळ्या रेक्झिनची, फुगलेली, रबर लावलेली. प्रत्येक वायंडिंगवाल्याकडे अशी एक असते आणि तो ती कोणाला दाखवत नाही. कुठल्या मोटरला किती खाचा, किती वेढे, कोणता गेज, पिच काय. मी बाबांनी सांगितलं तसं लिहिलं: चार्जर, ३ चौरस इंच, मिक्स पत्रा, ६१४.

"आता त्याच्यावर लिही, ३६०."

"ते कशाला?"

"जळलं ते पण लिहायचं. नाही तर कसं समजीन."

मी मागची पानं चाळली. इतक्या वर्षांत ही डायरी मी हातात घेतली नव्हती. काही ओळींपुढे बारीक फुल्या होत्या. जसजशी मागे गेले तसतशा फुल्या वाढत गेल्या. अगदी पहिल्या पानावर, बाबांच्या अजून न वळलेल्या अक्षरात अकरा ओळी होत्या आणि सात फुल्या. त्यांतल्या एकीच्या शेजारी उर्दूत काहीतरी लिहिलेलं, बहुतेक उस्तादांनी.

"हे काय आहे?"

"मले वाचता येत नाही. ते हसले होते आन् लिहिलं होतं." बाबांनी चष्मा काढून पापण्या टिपल्या, मग परत लावला. "मार फुली."

मी ३६० पुढे फुली मारली.